प्रत्येक डब्यातली एक ओंजळ

किसननगरची | शुक्रवार, रात्री ११:१०

रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आहे. तिथे काय बोलायचं हे ठरवताना आठवडाभर आईची गिरणी डोळ्यांपुढे येतेय. लिहून काढलं तर डोकं जरा मोकळं होईल, आणि इथली जाणती माणसं दोन शब्द सांगतील, म्हणून हा धागा.

आमचे बाबा परळला कापडगिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांचं जे व्हायचं ते झालं. वर्ष-दीड वर्ष वाट बघून बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात रखवालदार म्हणून लागले. फंडाचे जे पैसे हाती आले त्यातून किसननगरात चाळीच्या तोंडाशी एक गाळा घेतला आणि पिठाची गिरणी टाकली. बाबांची गिरणी बंद पडली आणि आईची सुरू झाली, असं आमच्या घरात म्हणायचे. दळण घेणं, मोटर, पट्टा, दगडाला टाकी मारून घेणं, सगळं आई बघायची. शुक्रवारी इस्टेटला सुट्टी असायची, त्या दिवशी बाबा मदतीला यायचे.

आईचे नियम होते. सकाळी उपासाचं. त्याआधी दगड आणि कापडाची नळी झाडून घ्यायची, ज्या बाईची वरी असेल तिचीच मूठभर आधी दळून बाजूला काढायची, मग बाकीचं खाली डब्यात. नंतर गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी. हरभऱ्याची डाळ अगदी शेवटी, कारण बेसन दगडाला धरून बसतं. नळीतून पीठ पडत असताना ती चिमूट घेऊन अंगठ्याने तर्जनीवर चोळायची आणि तेवढ्यावरून दगड किती जवळ आणायचे ते ठरवायची. दळायला घेण्याआधी डबा काट्यावर ठेवून वजनाची चिठ्ठी झाकणाखाली. रात्री गिरणी बंद केल्यावर दगडाभोवतीचं, नळीतलं उरलेलं पीठ ती ब्रशने झाडून परातीत घ्यायची. त्यात सगळ्या धान्यांचं थोडं थोडं असायचं. त्या झाडणीच्या पिठाची भाकरी आमच्याकडे रात्री व्हायची. करडी, किंचित गोडसर. मला फार आवडायची.

१९८७ ची दिवाळी. मी अकरा वर्षांची. धनत्रयोदशी दोन दिवसांवर होती, भाजणीच्या वासाने गाळा भरला होता. रेशनवर साखर आणि पामतेल आलंय असं कळलं म्हणून आई रांगेत गेली आणि दळून झालेल्या डब्यांपाशी मला बसवलं. "नुसतं बसायचं. कुणी आलं तर चिठ्ठी बघून डबा द्यायचा." मी मात्र डबे नीट लावायला घेतले. गव्हाच्या पिठाचा एक मोठा डबा माझ्या हातातून सुटला आणि आडवा झाला. दाराजवळची फरशी ओली होती. वरचं वरचं कोरडं पीठ मी भरून घेतलं, पण किलोभर तरी चिखलात गेलं.

मला मार आठवला नाही. आईने मारलं नव्हतंच कधी. दिवाळीचं नुकसान झालं एवढंच डोक्यात आलं. मग मी गव्हाचे बाकीचे डबे मोजले. अकरा. प्रत्येकातून एक ओंजळ घेतली आणि सांडलेल्या डब्यात टाकली. काठोकाठ भरला. हात झटकले, फरशी पुसली. मला अगदी हुशारी केल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू. कुणाचंच फारसं गेलं नाही आणि एकीचं भरून निघालं.

आई आली, पिशवी ठेवली आणि तिची नजर ओल्या फरशीवर गेली. तिने त्या डब्याचं झाकण उघडलं. मी पीठ हलवून एकजीव केलंच नव्हतं. वर थर दिसत होते. एक पांढराशुभ्र, एक लालसर खपलीचा, एक पिवळट (एक बाई गव्हात चणे घालायची), एक बाजरीनंतर दळलेला, करडी झाक असलेला. आईने बोट घातलं, चोळलं, पुन्हा दुसऱ्या थरात घातलं. मग एकेक करून अकराही डबे काट्यावर ठेवले आणि चिठ्ठ्या बघितल्या. माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकीचं सांडलं, ते हातून झालं. त्याला कुणी काही बोललं नसतं. पण या अकराजणींचं तू घेतलंस."

घरात करंज्या-शंकरपाळ्यांसाठी ठेवलेला गहू होता. तो तिने त्याच रात्री दळला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि मी दारोदार. आई डबा धरायची, मी पातेल्यातून ओंजळ काढून घालायची आणि काय झालं ते माझ्याच तोंडाने सांगायचं. बहुतेकजणी म्हणाल्या, "अहो वहिनी, एवढंसं काय, पोर आहे." एकीने मात्र आईला दारातच उभं करून सुनावलं आणि त्यानंतर ती आमच्या गिरणीत कधी आली नाही, पुढच्या गल्लीत जायला लागली. तिचं घर मोठं होतं, आठवड्याला दहा-बारा किलोचं गिऱ्हाईक.

शेवटी एका एकट्या राहणाऱ्या आजींकडे. त्यांचा डालड्याचा दोन किलोचा डबा होता, रेशनचा गहू. आजींनी पीठ डब्यात घालू दिलं नाही. स्वतःची ओंजळ पुढे केली, त्यात घेतलं, जरा वरखाली करून अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "यात माझ्या तीन चपात्या होतात गं." रागाने नाही. नुसतं सांगितलं.

आता मुद्द्याचं. मी घोडबंदर रोडवरच्या एका ८८ सदनिकांच्या सोसायटीची खजिनदार आहे, चार वर्षं, बिनपगारी. एप्रिलमध्ये लिफ्टच्या देखभालीच्या कराराचं नूतनीकरण माझ्याकडून राहिलं. कागद माझ्या फाईलमध्ये होता. मे महिन्यात लिफ्टचं कंट्रोलर कार्ड जळालं. करार चालू असता तर सुटे भाग त्यातच आले असते. आता २६,४०० रुपये भरावे लागले. कमिटीतल्या एकांनी मार्ग काढला : प्रत्येक सदनिकेमागे ३०० रुपये, 'इतर खर्च' म्हणून दोन बिलांत फिरवून टाकू, कुणी विचारणारही नाही. त्यांना मला वाचवायचं होतं, मनाने चांगला माणूस आहे. पण ८८ गुणिले ३०० हा हिशोब त्यांनी कागदावर मांडला आणि मला ते डबे दिसायला लागले.

सभेत सरळ सांगायचं असं मनात आहे. पण भीती वाटतेय. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली होती का? आणि तुमच्या आयांनी तुम्हाला असं काही दाखवलं होतं का, तेही लिहा.

मासुंदा | शनिवार, सकाळी ७:२५

लेख मनापासून आवडला, तरी एक खटकलं ते लिहितो. अकरा वर्षांच्या मुलीला अकरा दारं फिरवणं मला कठोर वाटलं. माझी आईही अशीच होती. शाळेतून दुसऱ्याचा कंपास चुकून घरी आला तर दुसऱ्या दिवशी वर्गासमोर उभं राहून परत द्यायला लावायची. त्यातून मी प्रामाणिकपणा शिकलो का? मी चूक लपवायला शिकलो. ते सवयीतून काढायला मला चाळिशी उजाडली. आयांच्या संस्कारांविषयी लिहिताना आपण त्यांची किंमत लिहीत नाही, म्हणून बोललो. तुमच्या आईंचा अनादर करायचा नाही.

हिशोबतपासनीस | शनिवार, सकाळी ९:०५

ताई, भावनेचं इतर लिहितील, मी कागदाचं लिहितो. ठाण्यात वीसेक वर्षं सोसायट्यांचे हिशोब बघतोय.

'इतर खर्च' मध्ये अजिबात फिरवू नका. लिफ्टची दुरुस्ती लिफ्टच्याच शीर्षाखाली दाखवा आणि करार खंडित असल्याने झालेला खर्च असा खुलासा लिहा. कुणी सिंकिंग फंडातून घ्या म्हणेल, तेही नको. तो निधी आदर्श उपविधीनुसार (सोसायट्यांची नमुना नियमावली) बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.२५ टक्के असा जमवतात तो इमारतीच्या मोठ्या कामांसाठी, आणि सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय त्याला हात लावायचा नसतो. सभा ३० सप्टेंबरच्या आत आहे, हिशोबाच्या मंजुरीचा विषय येतोच, तेव्हाच बोला. आयत्या वेळच्या विषयांपर्यंत थांबलात तर निम्मी माणसं उठून गेलेली असतात आणि मग "मुद्दाम उशिरा सांगितलं" असा आरोप होतो. जे बोलाल ते इतिवृत्तात शब्दशः घ्यायला सचिवांना सांगा.

आणि एक. मी पाहिलेली बहुतेक मोठी भानगड अशाच छोट्या 'फिरवून टाकू' पासून सुरू झालेली होती. पहिल्या वेळी हेतू चांगलाच असतो.

दिवाळे_गाव | शनिवार, दुपारी १:४०

मी बेलापूरच्या दिवाळे गावचा, कोळी. आमची आय मासळी विकायची. आमच्यात काटा कमी, वाटा जास्त. वाट्यात सगळे नग सारखे नसतात. एखादा मऊ पडलेला असतो. बाकीच्या बाया तो खाली सरकवायच्या. आय तो वर ठेवायची आणि गिऱ्हाईक बसलं की स्वतःच कल्ला उघडून दाखवायची, "ह्यो एक नरम हाय, बाकीचं लालबुंद हायेत, बघून घे." मी लहानपणी चिडायचो. म्हणायचो, आधी दाखवतेस म्हणून लोक पुढच्या पाटीवर जातात. जायचेच काही. आय म्हणायची, "घरी नेऊन धुताना दिसल, तवा मी समोर नसन."

तेवढंच. मी आता होडीवर नाही, नेरूळला एसी दुरुस्तीचं काम करतो. जुना पार्ट टाकला असेल तर जुना टाकला म्हणून सांगतो. ताई, उद्या तुमचा नरम मासा वर ठेवा.

नेरूळ_पूर्व | शनिवार, दुपारी ३:१५

मी थोडं वेगळं म्हणेन. लिफ्ट सगळ्यांची आहे, तिचा खर्च शेवटी सगळ्यांवरच येणार. पिठाचं तसं नाही, ते प्रत्येकीचं स्वतंत्र होतं. म्हणजे ३०० रुपये वाटून घेणं हे मुळात चूक नाहीच. न सांगता वाटून घेणं चूक. हे दोन वेगळे ठेवलेत तर उद्या बोलताना तुम्हाला स्वतःला गुन्हेगार समजायची गरज पडणार नाही. बिनपगारी काम करणाऱ्या माणसाकडून वर्षात एक कागद राहणं हे माणसाचं लक्षण आहे.

किसननगरची | शनिवार, संध्याकाळी ६:५०

@नेरूळ_पूर्व, हा फरक माझ्या लक्षातच आला नव्हता. मनापासून आभार. @हिशोबतपासनीस, तुमचा प्रतिसाद छापून पर्समध्ये ठेवलाय. @दिवाळे_गाव, तुमच्या आयला माझा नमस्कार पोचवा.

@मासुंदा, तुमचं वाचून दुपारभर विचार करत होते. त्या दिवशी मला लाज वाटली होती, फार वाटली. तिसऱ्या दाराशी मी रडले. पण आई माझ्याबरोबर होती हे मी वर नीट लिहिलं नाही. प्रत्येक दारात डबा तिने धरला होता. ज्या बाईने सुनावलं ती मला नाही, आईला बोलली, आणि आईने एकदाही "हिने केलं" म्हणून मला पुढे ढकललं नाही. "आमच्याकडून झालं" असंच म्हणाली. तुमच्या आईने तुम्हाला वर्गात एकट्याला उभं केलं. कदाचित तेवढाच फरक असेल. मला ठाम सांगता येणार नाही.

गिरणीवाला_कळवा | शनिवार, रात्री १०:३०

माझ्या वडिलांची कळव्यात गिरणी होती, मीही दहा वर्षं चालवली. घरघंट्या आल्या, तयार आट्याच्या पिशव्या आल्या, २०१४ ला बंद केली. तुमचं वर्णन वाचून नाकात भाजणी आली. बेसन शेवटी, अगदी बरोबर.

पण ताई, तुम्ही एका ओळीत सोडून दिलंय ते मला सोडवत नाही. झाडणी. धान्य गरम दगडातून जाताना ओल उडते, थोडं हवेत जातं, थोडं यंत्रात राहतं. गिऱ्हाईकाला आपण 'घट' म्हणून सांगायचो. पण यंत्रात राहिलेलं पीठ हे घट नव्हे, ते कुणाचं तरी असतं. कुणाचं ते सांगता येत नाही एवढंच. आम्हीही घरी खायचो. ठाणे-कळव्यातल्या मला माहीत असलेल्या सगळ्या गिरण्यांत खायचे, तो गिरणीवाल्याचा हक्कच समजायचे. वडील म्हणायचे, दगड आपले, झीज आपली, तर झाडणी आपली. मला त्यात तेव्हा काही वावगं दिसलं नाही, आजही पूर्ण दिसत नाही. पण तुम्ही अकरा डब्यांतून एकेक ओंजळ घेतलीत आणि तुमच्या आई रोज रात्री पन्नास डब्यांतली एकेक चिमूट घेत होत्या. दोष देत नाही. आपल्या धंद्यातला माणूस म्हणून विचारतोय. त्यांच्या मनात हे कधी आलं असेल का?

किसननगरची | रविवार, रात्री ९:४५

सभा झाली.

हिशोबाचा विषय आला तेव्हा उभी राहिले. कागद लिहून नेला होता, तो वाचलाच नाही. करार माझ्याकडून राहिला, त्यामुळे २६,४०० चा भुर्दंड बसला, तो बिलात फिरवायचा विचार झाला होता आणि मला तो मान्य नाही, असं सांगितलं. विचार कुणाचा होता ते सांगितलं नाही. पैसे मी हप्त्याने भरायला तयार आहे असंही म्हटलं.

सगळे टाळ्या वाजवतील असं मला वाटलं नव्हतं, पण जे झालं तेही वाटलं नव्हतं. पहिला प्रश्न आला, "असं आधी किती वेळा झालंय?" विचारणारे काका रोज सकाळी मला नमस्कार करतात. मग एकजण म्हणाला, मागच्या तीन वर्षांची सगळी व्हाउचर तपासा. मंजूर झालं. तपासू देत, मला त्याची चिंता नाही, पण तो शब्द लागला. पैसे माझ्याकडून घ्यायचे नाहीत असं बहुमताने ठरलं, खर्च लिफ्ट-दुरुस्तीत कारणासकट लिहायचा. आणि खजिनदारपद दुसऱ्या कुणाला द्यावं, असंही ठरलं. हात वर झाले तेव्हा मी मोजले नाहीत.

बाहेर पडताना तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई, ज्यांच्याशी माझं कधी दोन वाक्यांपलीकडे बोलणं झालं नव्हतं, माझी फाईल हातात घेऊन लिफ्टपर्यंत आल्या. काही बोलल्या नाहीत.

मासुंदा | रविवार, रात्री १०:०२

वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला. व्हाउचर तपासताना तुम्ही स्वतः तिथे बसा. एकट्या बसू नका, कुणाला तरी बरोबर न्या.

हिशोबतपासनीस | रविवार, रात्री १०:२०

कार्यभार देताना बँकेची शिल्लक, मुदतठेवींच्या पावत्या, धनादेश पुस्तक, सगळ्याची यादी करून दोघांच्या सह्या घ्या. तपासणीसाठी गरज पडली तर मी येईन, फी नको.

किसननगरची | मंगळवार, रात्री १०:४०

@गिरणीवाला_कळवा, तुमच्या प्रश्नाने मला दोन रात्री झोप लागू दिली नाही. आज आईकडे गेले होते. ती आता ७८ वर्षांची आहे, दादाकडे असते, अजून किसननगरातच. गाळ्यात आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे.

सभेचं सांगितलं. तिने "बरं" म्हटलं आणि चहा टाकायला उठली. मग मी १९८७ ची आठवण काढली. तिला दारोदार फिरल्याचं काही आठवेना. "गेलो असू," म्हणाली. रुसून गेलेली बाई आठवेना. आजी मात्र लगेच आठवल्या, डालड्याचा डबा आठवला, त्याच्या झाकणाला पडलेला पोचा आठवला.

मग तुमचा प्रश्न विचारला. झाडणी कुणाची?

ती गॅसपाशी पाठमोरी होती. म्हणाली, "तू ते सगळं करून बसलीस ना, त्या रात्री मी पडल्या पडल्या विचार केला, हिला हे सुचलं कुठून? घरात कुणी चोर नाही. मग उठून बघितलं तर भाकरीची टोपली समोर." दुसऱ्या दिवसापासून ती झाडणी वेगळ्या डब्यात जायला लागली आणि आठवड्याने गोठ्यावाल्याकडे. गिरणी बंद होईपर्यंत.

करडी भाकरी घरातून गेली हे मला माहीत होतं. त्या दिवाळीनंतर आमच्या ताटात ती कधी आली नाही. मी आईला कितीदा विचारलं असेल, हट्ट केला असेल. "आता होत नाही तसलं पीठ," एवढंच ती म्हणायची. मी समजत होते गिरणीचे दगड बदलले.

आज निघताना तिने डब्यात दोन भाकऱ्या दिल्या. ज्वारी, बाजरी, थोडा तांदूळ, थोडा गहू, तिने स्वतः मोजून मिसळून दादाच्या घरघंटीवर दळलेलं. घोडबंदरच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी एक खाल्ली. दुसरी उद्या सकाळी तिसऱ्या मजल्यावर नेऊन देणार आहे.